चेंडू तिच्या पायात, दुखणं याच्या पोटात

बायको चार पावलं पुढे गेली की नवऱ्याच्या पोटात दुखतं. हे दुखणं घरोघरी आहे, फक्त कुणी डॉक्टरला दाखवत नाही.

एका फिटरचंच बघा. कारखान्याच्या फुटबॉल संघात त्याला ‘वादळ’ म्हणायचे. आता पोट सुटलं होतं, पण नाव सुटत नव्हतं. रोज संध्याकाळी घरामागच्या मोकळ्या जागेत तो नारिंगी शंकू ओळीने मांडायचा आणि त्यांच्यामधून चेंडू नागमोडी न्यायचा. पडलेले शंकू उभे करायला बायको. ती शिलाईच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायची.

एकदा तो पाणी प्यायला आत वळला, तेव्हा तिने सहज चेंडू शंकूंमधून नेला. एकही शंकू हलला नाही. कुंपणावरून बघणारा त्याचा दोस्त म्हणाला, “वादळा, वहिनींकडून शिकून घे की.”

फिटर हसला. पण त्यानंतर पाणी प्यायला जाताना तो चेंडू काखेत मारून जाऊ लागला.

पुढे शिलाई कारखान्याने बायकांचा संघ काढायचं ठरवलं. रविवारी निवड. बायको हरखून सांगायला आली, तर हा म्हणाला, “रविवारी माझी बहीण येणार आहे. आणि बाईमाणसानं चारचौघांत धावायचं, लोक काय म्हणतील?”

दुसऱ्या दिवशी शंकूही गायब. विचारलं तर म्हणे, दोस्ताला दिले. ते पलंगाखाली होते. केर काढताना त्याच्या आईच्या झाडूला लागले.

म्हातारी गप्प बसणारी नव्हती. शंकू घेऊन लेकासमोर उभी राहिली. “उबवायला ठेवलेस का रे हे?”

“आई, तू यात पडू नकोस. ती गेल्यावर घराकडे कोण बघणार?”

“तू मॅचला जातोस तेव्हा घर पळून जातं होय? ती गेली की तू बघ. आणि लोकांचं नाव पुढे करू नकोस. लोकांना काही झालेलं नाही. झालंय ते तुला.”

“जागा खडबडीत आहे, म्हणून माझे शंकू पडतात,” तो पुटपुटला.

“मी ते विचारलंच नव्हतं. पण आलं बघ ओठावर. नाचता येईना, अंगण वाकडं. अरे, तिचं कौतुक झालं तर तुझ्या ताटातलं काय कमी झालं?”

शंकू उचलून तो मागे गेला. बायको दोरीवरचे कपडे काढत होती.

“तू वळतेस कशी, तेवढं दाखव,” एवढं म्हणताना त्याला घाम फुटला.

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. “अहो, कॉलरचं टोक आलं की मी मशीन हळू करते. सुई कापडात ठेवून कापड फिरवते, मग सुटते. तुम्ही टोकापाशीच जोर लावता. शंकू उडणार नाही तर काय?”

“रविवारी तू जा. बहीण आली तर चहा मी करीन.”

“आधी करून बघा. त्यालाही प्रॅक्टिस लागते.”

बहीण येणार नव्हतीच, ते दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी तिची निवड झाली. फिटर मैदानाच्या कडेला उभा होता. पोटात थोडं दुखलंच, खोटं कशाला सांगू? पण शेवटच्या शंकूला ती गर्रकन वळली, तेव्हा पहिली टाळी त्याचीच वाजली!

बाप्यांनो, मत्सर कुणाला चुकलेला नाही. पण त्यापायी घरातल्या बाईची वाट अडवलीत, तर अख्खं घर एका पायावर लंगडेल. तिला येतं ते तिच्याकडून शिका. विचारल्याने कुणाची मिशी खाली येत नाही.