शून्य धरलेला स्नायू

पायाच्या सांध्यावर किती भार येतो हे मोजण्यात धाकट्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान त्याचं स्वतःचं तरी तसंच मत होतं. म्हणून घोट्याचं मोडलेलं हाड जुळून आल्यावरही ताई "दुखतंय, दुखतंय" करत राहिली, तेव्हा त्याने तिला सरळ आपल्या प्रयोगशाळेत नेलं. पोटरीला आणि नडगीला चकचकीत गोळ्या चिकटवल्या, स्नायू कधी ओढू लागतो ते टिपणाऱ्या तारा जोडल्या, जमिनीत बसवलेल्या वजनपट्टीवरून तिला चालवलं आणि घरी येऊन सगळ्यांदेखत निकाल लावला.

"घोट्यावर नेहमीपेक्षाही कमी भार आहे, ताई. दुखणं तुझ्या डोक्यात आहे."

भाऊजींनी लगेच री ओढली. "मी काय म्हणत होतो? नाटक कंपनी!"

सगळे हसले. ताईही हसली आणि दुसऱ्या दिवसापासून लाँड्रीत पुन्हा इस्त्रीला उभी राहिली. घरातली एक कटकट मिटवल्याचं समाधान धाकट्याने मनसोक्त उपभोगलं.

पुढे विभागाच्या बैठकीत त्याने तीच आकडेमोड ऐटीत पडद्यावर लावली. विभागप्रमुख मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"नडगीच्या स्नायूची ओढ शून्य धरली? तारांनी काय दाखवलं होतं?"

"तिथल्या खुणा फारच दाट होत्या, मॅडम. तार हलली असेल म्हणून सोडून दिल्या."

"दुखरा पाय जपत चालणाऱ्या बाईच्या?" मॅडम एवढंच म्हणाल्या.

धाकट्याने पडद्यावरचे आकडे पुन्हा पाहिले. घोट्याला कितीतरी स्नायू ओढतात आणि कोणी किती ओढलं ते बाहेरून कळत नाही. मग गणित धरून चालतं की शरीर काटकसरी आहे: पोटरी पाऊल खाली रेटत असेल, तर ते वर उचलणारा नडगीचा स्नायू गप्प बसतो. पण दुखण्याला भ्यालेला माणूस कसली काटकसर करतो! तो पाय दोन्हीकडून आवळून धरतो. दोन्ही ओढी एकमेकींना खातात, बाहेर थोडंसं उरतं आणि मधला सांधा मात्र भरडला जातो. हे तो दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून शिकवायचा. सख्ख्या बहिणीच्या वेळी मात्र त्याला तिच्या सांगण्यापेक्षा आणि तिच्या पायापेक्षा आपलं गृहीतक खरं वाटलं होतं.

तारांच्या खुणा धरून त्याने पुन्हा हिशेब केला. भार दुपटीच्या घरात गेला.

तो तडक लाँड्रीत गेला. ताई एका पायावर रेलून चादरीला इस्त्री करत होती. वाफेच्या आवाजात त्याला दोनदा सांगावं लागलं.

"ताई, माझं चुकलं. तुझ्या घोट्यावर खरंच फार भार येतोय. आजपासून उभं राहणं बंद. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. भाऊजींना मी सांगतो."

ताईने इस्त्री उभी करून ठेवली. ती कडाडेल, निदान एक टपली तरी मारेल, अशी त्याची तयारी होती. मारली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे खरंच दुखत होतं?" तिने विचारलं.

"अगं, मला काय विचारतेस?"

"तू एवढा शिकलेला. तू नाही म्हणालास, मग मलाच वाटायला लागलं, की मी नाटकी झालेय. कळ आली की स्वतःलाच दटावायचे." तिने पदराने गळ्याचा घाम टिपला आणि हळूच विचारलं, "मग आता दुखलं तर दुखतंय म्हणू ना रे?"

धाकट्याला तिच्याकडे बघवेना.