मामाच्या रक्ताची तिसरी पिशवी

मी रक्ताची पिशवी बोलतेय. दचकू नका, मी आता कुणाच्याही अंगात जाणार नाही. नगरच्या एका दवाखान्याच्या रक्तपेढीत, काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात पडून आहे. अंगावर लाल चिठ्ठी चिकटवली आहे, 'देऊ नये'.

माझा जन्म दूर केरळातल्या एका कारखान्यात झाला. आम्ही मूळच्या चौघी, एकाच नळीने जोडलेल्या. एक मोठी पिशवी आणि तिला लागून आम्ही तीन लहानग्या. मोठीत एका माणसाचं रक्त घ्यायचं आणि तेच आम्हा तिघींत थोडं थोडं भरायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रक्त चमचाभर लागतं, पण पुन्हा पुन्हा लागतं. मूठभर जीव तो, त्याचं निम्मं रक्त तपासण्यांनाच जातं. दर वेळी नव्या माणसाचं दिलं तर दर वेळी नव्या रोगाचा धोका, म्हणून एकच दाता. युक्ती चांगली आहे. फक्त तो एक माणूस निर्धोक निघाला पाहिजे.

इथे आल्यावर मी बरीच वर्षं नाही, पण बरीच माणसं पाहिली. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला रक्त देणारे, सुई टोचताना हसरा फोटो काढून घेणारे, बिस्किटाचा पुडा दोनदा नेणारे. माणसाला रक्त द्यायला आवडतं, चारचौघांनी पाहिलं तर जास्तच आवडतं. स्वतःबद्दल खरं सांगायला मात्र कुणालाच आवडत नाही.

चैत्रात कर्जतकडची पंकजा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. आधीची दोन गर्भातच गेली होती, आणि हा मुलगा जेमतेम किलोभराचा. वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलेला. वजन भरेपर्यंत त्याची काविळीची लससुद्धा पुढे ढकलली होती. त्याला रक्त लागणार असं कळलं तेव्हा पंकजाची सासू बनुबाई आमच्या खिडकीशी आली. आत काम करणारी एंजल श्रीरामपूरची, शांत स्वभावाची मुलगी. रक्त तयार आहे, नेहमीच्या दात्याचं आहे, असं तिने सांगितलं.

"कुनाचं हाय? कसल्या घरचं?" बनुबाईने विचारलं.

ते आम्ही सांगत नसतो, एंजल म्हणाली.

"मंग नको. आमचं लेकरू हाय, आमच्यातलंच रगात देऊ."

डॉक्टरीणबाईंनी खाली येऊन समजावलं. नात्यातलं रक्त जास्त चांगलं असतं असं नाही, उलट नेहमीचा अनोळखी दाता बरा, कारण त्याला नाही म्हणायची मोकळीक असते. बनुबाई ऐकून घेत होती, पण ऐकत नव्हती. बापाचा गट जुळेना. तेव्हा मागे उभा असलेला पंकजाचा भाऊ गोरक्ष पुढे झाला. मामाचं रक्त भाच्याला, यापेक्षा आणखी चांगलं काय, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू?

रक्त घेण्याआधी काही प्रश्न विचारतात. ते आडोशाला विचारायचे असतात, पण त्या दिवशी बनुबाई दारात, बाळाचा बाप दारात, दोन चुलते दारात. एंजलने त्यांना बाहेर बसायला सांगितलं, ते हलले नाहीत, आणि वरून तर रक्तासाठी घाई चाललेली. तिने तसंच विचारलं. कावीळ झाली होती का? न्हाई. वर्षभरात कुठे सुई टोचून घेतली, गोंदवून घेतलं? गोरक्षने एकदा बनुबाईकडे पाहिलं.

"न्हाई," तो म्हणाला.

मी त्याच्या उजव्या हाताखाली लोंबकळत होते. डाव्या हाताची बाही एवढ्या उन्हाळ्यात मनगटापर्यंत बटण लावून बंद होती. माझ्या ते ध्यानात आलं, पण पिशवीला कोण विचारतो?

रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सगळ्या स्वच्छ आल्या. मग ते गाळलं, कारण पांढऱ्या पेशींत दडून बसणारा एक विषाणू मोठ्या माणसाला शिंकही आणत नाही, पण असल्या बाळाच्या जिवावर उठतो. तपासणी खोटी नव्हती आणि गाळणीही फाटकी नव्हती. गोरक्षच्या रक्तातला पाहुणा मात्र वेगळा होता. नुकताच आलेला, इतका थोडका की तपासणीला दिसला नाही, आणि इतका बारीक की गाळणीत अडकला नाही.

माझी पहिली बहीण दुसऱ्या दिवशी वर गेली. बाळाचा रंग सुधारला म्हणे. बनुबाईने खाली येऊन एंजलच्या हातावर पेढा ठेवला आणि मामाचं रक्त कसं लगेच लागू पडलं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात दुसरी बहीण गेली. जाताना आम्ही एकमेकींना चिकटलेल्या होतो, एंजलने हलक्या हाताने सोडवलं. मला तिचा हेवा वाटला होता. फ्रीजमध्ये पडून राहण्यापेक्षा कुणाच्या उपयोगी पडावं एवढीच पिशवीची हौस असते.

मग एका सकाळी माझी हाक आली. एंजलने मला बाहेर काढलं, नाव-नंबर वाचला, ट्रेमध्ये ठेवलं. तेवढ्यात खिडकीशी गोरक्ष आला. डोळे हळदीसारखे पिवळे. बाही कोपरापर्यंत सारलेली, आणि आत हिरव्या अक्षरांत नाथांचं नाव.

"ताई, त्या बारक्या पिशव्यांतली काही उरली हाय का?" त्याने विचारलं.

एंजलने माझ्याकडे पाहिलं.

"नका देऊ ती. हे यात्रंत गोंदून घेतलेलं हाय. तुमी इचारलं तवा मी न्हाई म्हनलो."

मग तो बाकावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बहिणीचं बाळ या खेपेला तगावं म्हणून त्याने नाथांना नवस केला होता. यात्रेत नाव गोंदून घेईन, आणि बाळाचं जावळ तिथेच माझ्या मांडीवर काढीन. गोंदणाऱ्याकडे सुई एक, शाईची वाटी एक, रांग मोठी. त्याच्या पुढचा सोबती आधी पिवळा पडला, मग हा. दोघे कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन मुळी बांधून आले. सोबत्याने शेवटी रक्त तपासलं आणि डॉक्टरने रक्तातून पसरणाऱ्या 'ब' काविळीचं नाव घेतलं, तेव्हा याला पेटीतलं बाळ आठवलं. त्या दिवशी का बोलला नाहीस, असं एंजलने विचारलं नाही. त्यानेच सांगितलं. होय म्हटलं असतं तर परत पाठवलं असतं, आणि बहिणीच्या सासरच्यांसमोर मामाच्याच रक्तात खोट निघाली असती.

एंजल मला तिथेच ठेवून जिना चढत धावली. बाळाला त्याच दिवशी विषाणू रोखणारं इंजेक्शन दिलं, लसही दिली. पण माझ्या दोन बहिणी केव्हाच त्याच्या अंगात मिसळल्या होत्या. मला पुन्हा तपासलं, या वेळी जास्त बारकाईने, आणि माझ्यात तो सापडला. माझी मुदत संपली, तरी चौकशीसाठी मला ठेवून दिलं.

काल बाळाचा अहवाल आला. त्याच्याही रक्तात आहे.

मला राग येतो तो याचा. गोरक्ष बरा झाला. डोळे पांढरे झाले, भूक लागते, पुन्हा कामावर जातो. मोठा माणूस बहुतेक वेळा यातून उठतो. तान्ह्या बाळाच्या यकृतात मात्र हा विषाणू घर करून बसतो, आणि बहुधा जन्मभर निघत नाही. नवस फळला, बाळ तगलं. आता ते दर सहा महिन्यांनी तपासणीची सुई टोचून घेत मोठं होईल.

आज दवाखान्यातून घरी सोडताना पंकजा बाळाला घेऊन आमच्या बाकावर बसली होती. बनुबाई लांब उभी होती, तिला खिडकीकडे बघवत नव्हतं. गोरक्ष बहिणीपुढे आला, पण बाळाला हात लावेना. त्याने विचारलं, जावळाला दुसरं कुणी बघायचं का?

पंकजाने पदर सारखा केला. रडून झालेलं होतं तिचं.

"मांडी तुझीच, दादा," ती म्हणाली. "पर वस्तरा नवा आन. आन आपलं झालं की तिथंच मोडून टाक, दुसऱ्याच्या लेकराला लागाया नको."

त्याने मान हलवली आणि बाळाला उचलून घेतलं.

उद्या मला वाफेच्या यंत्रात घालतील आणि मग कचऱ्यात. जाताना एकच मागणं आहे. कुणासाठी रक्त द्यायला गेलात आणि दारात आपली माणसं उभी असली, तर आधी त्यांना बाहेर घालवा. मग विचारतील त्याचं खरं उत्तर द्या. तुम्ही परत गेलात तरी अडत नाही. त्या दिवशीही फ्रीजमध्ये दुसरी पिशवी होती. अनोळखी माणसाची होती, चांगली होती. ती कुणी घेतलीच नाही.