पारवे डोंगराकडे जातात

माझा थोरला भाऊ म्हाळू मेंढरं घेऊन डोंगर चढायच्या आधी तीन दिवस पायथ्याला बसून राहायचा. वारा कुठला, ढग कुठं, मुंग्या कुठं निघाल्या, सगळं बघायचा. लोक हसायचे. त्यांचा मला भयंकर राग यायचा, कारण म्हाळूचा अंदाज कधी चुकला नव्हता.

शहाऐंशीच्या दुष्काळात दिंद्रुडच्या शिवारात चाऱ्याची काडी उरली नाही. डोंगरापलीकडं थोडा चारा होता. वाट दिवसभराची आणि माथ्यावर एकच झरा. त्याला पाणी असेल तरच निघायचं. मेंढरं साठ, शिवाय आमची म्हातारी माय, चतुराबाई. तिला मागं कुणाच्या भरवशावर ठेवणार?

मी सिरसाळ्याच्या सोसायटीत कारकून, सुट्टी काढून मदतीला आलो होतो. तिन्ही सकाळी आम्ही दोघांनी पारवे पाहिले. थव्यानं डोंगराकडं जायचे, दिवस मावळता परत यायचे.

"झऱ्याला पाणी हाय," म्हाळू म्हणाला. "पारवा पाण्याबिगर दगडावर जातो का?"

"मी वर जाऊन बघून येऊ का, दादा?"

"कावून? फुकट पाय मोडून घेतो का बे?"

उजाडताच निघालो. अर्ध्या चढावर कोकरं बसायला लागली. म्हाळूनं घागरीत उरलेलं पाणी त्यांना पाजलं. झरा तासाभरावर होता.

"पाज बाबा, मला तहान न्हाई," माय म्हणाली. ती खोटं बोलत होती आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

झरा कोरडा ठणठणीत होता. आसपास पारव्याचं एक पीसही नव्हतं. म्हाळू हातानं खडे उकरत राहिला. मी मायला पाठीवर घेतलं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. पलीकडच्या उताराला लागलो तोवर तिचं बोलणं थांबलं. सावली बघून खाली उतरवलं, तेव्हा ती गेलेली होती.

तिथून खाली साखर कारखान्याचं तळं दिसत होतं. लांबच्या धरणाचं पाणी पाइपानं आणून भरलेलं. काठावर पारवेच पारवे. ते झऱ्यावर उतरतच नव्हते, डोंगर ओलांडून इथं येत होते.

म्हाळूनं मायचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"हे तळं कवा झालं, बंकट? तुला ठावं होतं?"

महिन्यापूर्वी त्या तळ्याच्या पूजेला सोसायटीच्या सभासदांची जीप भरून मीच घेऊन गेलो होतो. काठावर उभा राहून पेढा खाल्ला होता. आणि तीन सकाळी पारवे बघताना ते माझ्या एकदाही मनात आलं नाही. लाज वाटते सांगायला.

"न्हाई दादा," मी म्हणालो.

"मग माझंच चुकलं. मायला म्या मारलं."

त्यानंतर तो बारा वर्षं जगला, आणि बारा वर्षं मी त्याला तसं म्हणू दिलं.