शेंगदाण्याचं दूध

"नेमा, फेस मोडायच्या आत पी."

आई जाऊन कितीतरी उन्हाळे उलटले, तरी पेला ओठाशी नेला की नेमसिंगला तिचा आवाज ऐकू यायचा. नुकत्याच काढलेल्या धारेसारखा कोमट. आजच्या पेल्यावर मात्र फेस नव्हता. गाय आटली होती. त्याच्या बायकोनं, हंसाबाईनं, शेंगदाणे भिजवून, पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून हे दूध काढलं होतं. त्यात गुळाचा खडा नव्हता.

साखरेची बिमारी निघाल्यापासून गूळ घातलेली ज्वारीची राब, ती पातळ पेज, नेरच्या डॉक्टरनं बंद केली होती. "ती प्यायल्यावर वावराच्या धुऱ्यापोतर जात नाही तं पुन्हा भूक," असं नेमसिंगनंच त्याला सांगितलं होतं.

"गुळानं रक्तातली साखर झपकन चढते, तशीच उतरते," डॉक्टर म्हणाला होता. "ताक घ्या, बिनगोडाचं दूध घ्या. पोटाला धरून राहील."

शेंगदाण्याचं दूधही धरून राहत होतं. प्यायलं की पोटात झाडाची सावली पसरल्यासारखं वाटायचं. दोन भाकरी खाणारा गडी अर्ध्या भाकरीवरच हात धुवायचा. मग हंसाबाई त्याच्याच ताटावर बसायची. पेल्यातला शेवटचा घोट तिचा. भाकरी त्यानं खाल्ली तेवढीच. त्याहून जास्त तिनं कधी वाढून घेतली नव्हती. सासूनं लावलेलं वळण होतं ते.

नेमसिंगची तहान सरली. टाचेवरची जखम सुकली. पहाटे मोहाची फुलं टपटप गळायची आणि तो त्या वासातून असा चालायचा, जणू पाय त्याचे नव्हतेच, वाऱ्याचे होते.

एका सकाळी तो विहिरीवर बैलांना पाणी पाजत होता. हंसाबाईनं घागर उचलायला हात खाली केला आणि दंडातला पांढरा चुडा घसरत कोपराला येऊन अडकला.

"काय व हंसाबाई," शेजारची सुखीबाई खिदळली, "नवऱ्याच्या अंगातली साखर तूच चाटून राह्यली का?"

बाया हसल्या. हंसाबाईही हसली. नेमसिंगच्या हातातला दोर तेवढा तसाच राहिला.

तो शेवटचा घोट! आपली बिमारी त्याच वाटेनं तिच्यात उतरली, असं त्याच्या मनानं घेतलं. त्या दिवसापासून तो पेला निपटून प्यायचा, स्वतः विसळायचा आणि पालथा घालायचा. हंसाबाई पालथ्या पेल्याकडे बघायची आणि ओढणी पुढे ओढून घ्यायची.

शेवटी बाजाराचं निमित्त काढून तो तिला नेरला घेऊन गेला.

नुकतंच नवं राज्य झालं होतं. दवाखान्याच्या दारावरचं तोरण सुकून करकरत होतं. डॉक्टरनं काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात तिच्या लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरली. असंच पाणी नेमसिंगच्या पहिल्या तपासणीला विटेसारखं लाल झालं होतं. त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा निळं ते निळंच होतं, पावसानंतरच्या आभाळासारखं.

"बाईंना साखर नाही," डॉक्टर म्हणाला. "पण अंगात काही उरलंय कुठं? काय खातात?"

"जेवतो आमी," हंसाबाई म्हणाली.

बाहेर कडुनिंबाखाली नेमसिंगनं फडकं सोडलं. भाकरीवर मिरचीचा ठेचा होता. तो जेवला, तृप्त झाला, हात झटकले. हंसाबाईनं अर्धी भाकर खाल्ली, उरलेल्या भाकरींवर फडक्याचे चारी पदर आणले. गाठ मारताना तिची बोटं भाकरीवर रेंगाळली.

"साखर नाही म्हनते डॉक्टर," तो म्हणाला. "मंग वाळून काहून राह्यली? मी पेला पालथा घालतो म्हून जीवाले लावून घेतलं का? मले वाटलं, माह्या उष्ट्यानं तुले लागलं."

"तसं होतं व्हय?" ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून हसली. "मले वाटलं, तुमाले माह्यी किळस येते."

"येडी का तू? सांग ना मंग, काय होते तुले?"

ती गाठीशी चाळा करत राहिली. चुडा मनगटाकडे घसरला, तिनं तो वर सारला. पुन्हा घसरला.

"तुमचं आता अर्ध्या भाकरीत भागते," ती खाली बघत म्हणाली. "मंग मी बी उठते."

"अन्?"

एक बस धूळ उडवत गेली. हंसाबाईनं फडक्यावर बसलेली धूळ झटकली.

"मले भूक लागते," ती म्हणाली. "लय भूक लागते मले."