विंगेतून दिलेलं वाक्य

राजे म्हणजे तिचा नवरा. नाटक कंपनीत त्याला सगळे राजेच म्हणत, कारण अठरा वर्षं तो एकाच नाटकात राजपुत्र होत आला होता. तिला सगळे वहिनी म्हणत. ती प्रॉम्प्टर. उजव्या विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर संहिता, हातात छोटी बॅटरी, आणि कुणी अडलं की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं. मनात तीन आकडे मोजायचे, तेवढ्यात नट बोलला तर ठीक, नाहीतर वाक्य द्यायचं, असा तिचा नियम होता.

नाटक जुनं, पण चालणारं. राजपुत्राचा एका मुलीवर भारी जीव. ती रुसून निघते, तर हा मानी गडी "जा, दार उघडंच आहे" म्हणून तोंड फिरवतो. ती नदीत जीव देते, आणि मग हा चार पानं बोलतो. त्या चार पानांना थिएटरात रुमाल निघत. वहिनीला मात्र दर खेपेला चीड यायची. या बाबानं वेळेवर "थांब" म्हटलं असतं तर सगळे चहाच्या वेळेला घरी पोचले असते, असं ती मेकअपवाल्याला म्हणायची.

चीड यायला कारण होतं. तेच ध्यान तिच्या पदरी पडलं होतं. रंगमंचावर याच्या तोंडून नुसता धबधबा, आणि घरात "हं", "बरं" आणि "मीठ दे". पंधरा दिवसांपूर्वी जेवताना तिनं सांगून टाकलं, "बहिणीच्या गावी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी मिळतेय. शनिवारी प्रयोग झाला की सहाच्या गाडीनं जाईन. परत येईन असं धरू नका."

त्यानं घास गिळला आणि म्हणाला, "बरं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर रोज तिनं वाट पाहिली. भरलेली बॅग मुद्दाम वाटेत ठेवली. तो बॅगेला अडखळला, आणि त्यानं ती उचलून भिंतीला नीट लावून ठेवली. पालथ्या घड्यावर पाणी.

"मला चार पानं नकोत हो," ती मेकअपवाल्याला म्हणाली. "एक शब्द हवाय. तोही त्यांचा स्वतःचा. म्हणाले तर आजही बॅग उपसते."

शनिवारी दुपारचा प्रयोग सुरू झाला तेव्हा बॅग तिच्या स्टुलाशेजारीच होती. तिसऱ्या अंकात नायिका दाराशी गेली आणि म्हणाली, "मी निघाले."

राजे गप्प. या जागी तो कधीच अडला नव्हता. वहिनीनं मोजायला सुरुवात केली. एक, दोन. तेवढ्यात तो वळला, पण नायिकेकडे नाही, उजव्या विंगेकडे.

"थांब," तो म्हणाला.

हा शब्द संहितेत नव्हता. नायिका दाराशीच खिळली. वहिनीचं बोट ओळीवर होतं, आणि चुकीचं वाक्य कानावर पडताच अठरा वर्षांची जीभ आपसूक चालली.

"जा, दार उघडंच आहे," तिनं पुरवलं.

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग मान वळवून त्यानं ते वाक्य म्हटलं, अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. नायिका सुटल्यासारखी निघून गेली, आणि तेव्हा कुठे वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याच हातानं पायावर धोंडा मारून घेतला होता. पुढची चार पानं त्यानं कधी नव्हे इतकी सुंदर म्हटली. तिला एकही शब्द द्यावा लागला नाही.

प्रयोग संपल्यावर ती मेकअपच्या खोलीत गेली. मेकअपवाला विग झटकत होता आणि राजे आरशासमोर तोंड पुसत बसला होता.

"मघाशी थांब म्हणालात ते कुणाला?"

"चुकलं असेल. तू वाक्य दिलंस, मी घेतलं."

"सवयीनं दिलं हो मी. आता पुस्तक मिटलंय. परत म्हणा."

त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. ओठ हलले. ती मोजत राहिली. तीन झाले, तरी जीभ दाताखाली दाबून ती गप्प उभी राहिली. असं तिनं जन्मात केलं नव्हतं. सात. आठ. अकराव्या आकड्याला तो म्हणाला, "गाडी सहाचीच ना?"

"हो."

"बरं."

तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. संहिता आणि बॅटरी त्याच्यापुढे ठेवून तिनं बॅग उचलली.

ती जिना उतरत होती तेव्हा वरून त्याचा आवाज आला. तो मेकअपवाल्याला तिच्याविषयी सांगत होता, भरभरून, कुठेही न अडता. बाई दाराबाहेर पडली की याला वाचा फुटते, हे तिला अठरा वर्षं पाठ होतं. ती ऐकायला थांबली नाही.