दोन बोटं कागद

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. लांब पात्यांची, कागद कापायची. हल्ली चाहते मंडळी जमली की मला काचेखाली ठेवतात आणि पुढे पाटी लावतात : ‘थोर कॉमिक्स-लेखक व संपादक शेषाद्री यांची कात्री’. लोक वाकून माझे फोटो काढतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का, ते सांगते. ऐकून नावं ठेवलीत तरी माझी तक्रार नाही.

कुणा लोहारानं मोटारीच्या मोडक्या स्प्रिंगच्या पोलादातून मला घडवलं. शेषाद्रींनी मला विकत घेतलं आणि चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या घरी आणलं. घर तंजावरकडच्या मराठी माणसांचं. बाहेर तमिळ, आत मराठी, आणि भांडण लागलं की दोन्ही एकदम. पुढच्या खोलीत शेषाद्री मुलांसाठी तमिळ कॉमिक्सचं मासिक काढत. आलेल्या गोष्टी तपासणं, चित्रांवर संवादांचे कागद चिकटवणं, सगळं त्या एका टेबलावर चाले. दिवसभर मी त्यांच्या हातात. काय सांगू, त्यांच्या बोटांना माझ्या कड्यांचे घट्टे पडले होते आणि मला त्याचा केवढा तोरा!

मासिक चाललं ते वल्लीमुळे. वल्ली म्हणजे मरीना किनाऱ्यावरच्या दीपगृहात राहणारी, तस्करांना पकडून देणारी मुलगी. पोरं शाळेत वर्गपाठाच्या वहीखाली तिच्या गोष्टी लपवून वाचत. आणि ही वल्ली शेषाद्रींनी लिहिलेली नव्हती. ती लिहीत होती तुळसी, त्यांच्या धाकट्या भावाची, वेंकटरमणची बायको. दुपारी भांडी आवरली की ती मागच्या ओसरीत मोठाले कागद पसरून बसायची.

पहिली गोष्ट लिहून तिनं अगदी खाली आपलं नाव घातलं, आणि लगेच घाबरली. म्हणाली, “नांव नको भाऊजी. कापून टाका. सून गोष्टी छापते म्हटल्यावर सासूबाई काय म्हणतील?”

“घरचंच आहे गं,” शेषाद्री म्हणाले, “तुझं काय नि माझं काय.”

कागद लांबलचक. एकट्यानं सरळ कापता येईना. मग तिनं एक टोक ताणून धरलं, त्यांनी मला चालवलं, आणि मी खालची दोन बोटं पट्टी नावासकट काढून टाकली. अंकात छापलं गेलं ‘लेखन : शेषाद्री’.

पुढे ती रीतच पडली. तुळसीनं नाव लिहायचं, कागद धरायचा, मी कापायचं. ‘कापायचंच आहे तर लिहितेस कशाला’ असं तिला कुणी विचारलं नाही. मीही मूग गिळून बसले. खरं सांगू? मला कापायला आवडायचं. कर्रकन् सरळ रेघ गेली की मी खूश.

चौदा वर्षं गेली. सासूबाई वारल्या, त्यालाही दोन वर्षं झाली. मासिक बंद व्हायचं ठरलं आणि वल्लीची शेवटची गोष्ट आली. त्या गोष्टीखाली तुळसीनं नाव शाईनं लिहिलं होतं, पूर्ण नाव, ठळक. कागद टेबलावर ठेवला आणि ती दारात जाऊन उभी राहिली. त्या दिवशी तिनं टोक धरलं नाही.

शेषाद्रींनी तिच्याकडे पाहिलं. मग कागदावर पेपरवेट ठेवलं आणि मला उचललं.

माझा खिळा तेव्हा सैल झाला होता. मी अडू शकले असते. कागद चुरगळू शकले असते. मित्रांनो, रोज अडायची मी, तेव्हा नाही अडले! सुरळीत चालले. तुळसी आत गेली आणि मला वाटतं त्यानंतर तिनं एक ओळ लिहिली नाही.

आता परवाचं ऐका. वल्लीच्या साऱ्या गोष्टींचा संग्रह निघतोय. मुखपृष्ठावर नाव कुणाचं, ते ठरवायला चाहते रविवारी सकाळी तिरुवल्लिकेणीतल्या एका छोट्या सभागृहात जमले. पुढच्या खुर्चीत अठ्ठ्याऐंशी वर्षांचे शेषाद्री. तिसऱ्या रांगेत तुळसी, मांडीवर पिशवी घेऊन. आणि टेबलावर मी, जुन्या हस्तलिखितांशेजारी.

गिरिधर नावाचा एक जण, ओरगडमच्या मोटार कारखान्यात मापं तपासायचं काम करतो, तो मोजपट्टी घेऊनच उभा राहिला. “अक्षर सगळं तुळसीपाट्टीचं आहे,” तो म्हणाला. पाट्टी म्हणजे आजी. “मग लेखिका त्याच ना?”

“अय्यो, अक्षर म्हणजे लेखन होतं का?” वेलचेरीहून आलेली जननी फणकारली. ती लहानपणापासून शेषाद्रींची भक्त. “सर सांगत असतील, त्या उतरवून घेत असतील. सरांनी वल्ली घडवली. उगाच म्हाताऱ्या माणसावर शिंतोडे उडवू नका.”

“मग प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान दोन बोटं तोकडं का? बाकीची पानं मापात आहेत. हेच का कापलं?”

सभागृहात गलका झाला. अर्धे गिरिधरकडून, अर्धे जननीकडून. मी काचेखाली करून सवरून नामानिराळी.

शेषाद्रींनी हात वर केला. “तिनं लिहिलं,” ते म्हणाले. “नांव काप म्हणून तीच म्हणाली होती.”

जननी तुळसीकडे वळली. “पाट्टी, खरं का हे?”

“खरं,” तुळसी म्हणाली.

बघा, किती सोपं झालं! सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनाच नको होतं की नाव! जननीनं तोडगाही काढला : मुखपृष्ठावर सर, आत तुळसीपाट्टींचे आभार. लोक टाळ्या वाजवू लागले. तुळसीनं पिशवीचे बंद आवळले आणि ती उठायला लागली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कात्रीला तोंड असून उपयोग काय, ते कापायपुरतं.

“पोदुम्! पुरे!” शेषाद्री ओरडले. टाळ्या थांबल्या.

“पहिल्यांदा ती म्हणाली होती. शेवटच्या वेळी तसं म्हणाली नव्हती. दारात उभी होती, मला दिसत होती. पोरं मला सर म्हणत होती, ते गोड लागत होतं. मी कापलं.” त्यांनी तोंडावर पंचा धरला. “तुळसी, मला लाज वाटते गं.”

मलाही वाटत होती. एकाच हाताचं पाप, ते बोलले आणि मी काचेखाली चकाकत पडले होते.

जननी रडवेली झाली. तिनं ते शेवटच्या गोष्टीचं पान उचललं, पेन काढलं आणि तुळसीपुढे धरलं. “पाट्टी, तुमचं नाव घाला. आत्ता, आमच्यासमोर.”

तुळसीनं चष्मा लावला. पान वर धरलं, खाली धरलं. शेवटची ओळ थेट कापलेल्या कडेपर्यंत आलेली होती.

“कुठं लिहूं गं?” ती म्हणाली. “जागा कुठं ठेवली यांनी?”

जननीनं पेनाला टोपण लावलं.

संग्रहावर आता पहिलं नाव तुळसीचं येणार आहे, असं त्याच सभेत ठरलं. चांगलं झालं. पण ती पानं तोकडीच राहणार, आणि ते काम माझं आहे.

मित्रांनो, माझं एवढंच ऐका. माझ्या पाटीवरचं ‘थोर’ काढा, मला कुठल्यातरी खणात टाका. आणि तुमच्या हातून कुणाचं नाव गाळलं जाणार असेल, तर त्या माणसाला विचारा. मागे विचारलं होतं म्हणून आज विचारायचं सोडू नका. तुळसी एकदाच ‘नको’ म्हणाली होती. आम्ही ते चौदा वर्षं वापरलं.