माझ्यात ‘मी’ कुठे आहे?

मी एक जुनी प्रोफाइल आहे. हसू नका, मित्रांनो. ट्रंक जुनी होते, होडी जुनी होते, तशी प्रोफाइलही जुनी होते. ट्रंकेचा गंज चार लोकांना दिसतो, माझा कोणाला दिसत नाही, एवढाच काय तो फरक. नोकरीधंद्याच्या ओळखी जुळवणारी एक साइट असते, तिथे माझा मुक्काम. माणूस दारात पोचण्याआधी त्याच्या वतीने मी दारात उभी राहायची, हे माझं काम. आणि या कामाला मला ज्या अवतारात पाठवलं गेलं, तो आठवला की अजून माझं डोकं फिरतं.

माझा जन्म एका कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत झाला. गुरुदास सरांनी फळ्यावर एक नमुना लिहिला आणि सांगितलं, की असं काहीतरी स्वतःबद्दल लिहा. पण फळ्यावरचं उतरवून घ्यायची हाताची सवय कुठे जाणार? वर्गाने तो नमुना चुकांसकट उतरवला. एका तासात आम्ही ढीगभर जुळ्या बहिणी जन्माला आलो. सगळ्या मेहनती, सगळ्या जिद्दी, सगळ्या ‘डायनॅमिक लीडर’. देवेश नावाच्या मुलाने तर ‘येथे आपले नाव लिहा’ हेसुद्धा उतरवलं. त्याची प्रोफाइल बिचारी अजून त्याच नावाने नांदते आहे.

माझी मालकीण अक्षया, खाडीकाठच्या आरोंदा गावची. तिने निदान नाव तरी स्वतःचं घातलं. फोटो मात्र चुलतबहिणीच्या लग्नातला कापून लावला. त्यात तिच्या कानाजवळ कोणाचा तरी भरजरी खांदा आणि अर्धा गजरा राहिला. तो खांदा तिच्या आजीचा, काशीबाईंचा. त्या घरात कुठल्याही गोष्टीतून काशीबाईंना पूर्ण कापून काढणं कोणाला जमलेलं नाही, तिथे ही पोर काय करणार?

गुण मिळाले, तास संपला आणि सगळे मला विसरले. वर्ग बदलले, पावसाळे गेले, अक्षया शेवटच्या वर्षाला आली. माझ्या दारात ओळख मागायला आलेले लोक ताटकळून परत गेले. मी तशीच उभी, कानाशी परका खांदा आणि तोंडात परके शब्द. सांगा, माझा जीव किती विटला असेल?

आणि या काळात अक्षया काय करत होती म्हणता? काका सत्यवान खाडीत होडी वल्हवायचा. हिने त्याच होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवायला सुरुवात केली. भरती-सुकती बघून फेरीची वेळ ठरवायची ती. कुठल्या झाडीत खंड्या बसतो, कुठल्या चिखलात चिंबोरी बिळं करते, हे सांगायची ती. फोनवर बुकिंग घ्यायची ती. यातलं एक अक्षर माझ्यात नव्हतं. माझ्यात होता डायनॅमिक लीडर.

मग एक दिवस मला घाईघाईने उघडलं. गोव्याकडची एक संस्था कांदळवनाच्या कामासाठी वर्षभराची शिकाऊ माणसं घेणार होती. वेगळा अर्ज नको, प्रोफाइलच पाठवा, रविवारपर्यंत. तिकडे मुंबईच्या आत्येने साडीच्या दुकानात काउंटरवरची जागा बघून ठेवलेली. हे जमलं नाही, तर निकाल लागताच अक्षयाने मुंबईची गाडी धरायची, असं घरात ठरून गेलेलं. तिला खाडी सोडायची नव्हती. म्हणजे सगळा भार आला माझ्यावर, आणि मी ही अशी.

अक्षयाने काय करावं? आणखी मोठे शब्द घातले. कुठून कुठून उचललेले. ‘पॅशनेट’ झालं, ‘रिझल्ट ओरिएंटेड’ झालं. मी फुगत गेले आणि आतून पोकळच राहिले. सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, “हे माझ्या नावाने टाकलं तरी चालेल, शेजारच्या वाण्याच्या नावाने टाकलं तरी चालेल.” पोर रडवेली झाली.

शनिवारी सकाळी ती खळ्यात, म्हणजे अंगणात, मोबाइल घेऊन बसली. काशीबाई सुपात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, निवडत होत्या. काय वाचतेस ते मोठ्याने वाच, असा हुकूम झाला. तिने मला वाचलं. काशीबाईंची शाळा दोन यत्तांतच आटोपलेली, पण कान तिखट.

“डायनॅमिक म्हणजे काय गो? सायकलीक असता तो डायनामो?” त्यांनी विचारलं. “ह्या कोणाचा वाचतंस? ह्या आमच्या घरातला चेडू न्हय.”

चेडू म्हणजे मुलगी. मग त्यांनी स्वतः सांगायला घेतलं. आजोबांची होडी अख्ख्या खाडीत पहिली कशी होती. देवळात पालखीचा मान कोणाचा. थोरला काका मुंबईत कुठे चिकटला. चिऱ्याचं घर कोणी उभं केलं. अक्षया चिडून सगळं टाइप करत गेली. आधी मी सगळ्या जगाची होते, आता सगळ्या घराण्याची झाले. सरांचा नमुना गेला आणि माझ्यात भावकी येऊन बसली. तिची मी अजूनही झालेच नव्हते. मला हात असते, तर मीच मला पुसून टाकलं असतं.

“ह्यात माझा काय आसा, आज्ये?” अक्षयाने मोबाइल खाली ठेवला.

“तू काय करतंस तां सांग. होडीची वेळ कोण बघता?”

“आमी बघतंव.”

“पक्षी कोण दाखयता?”

“आमीच.”

“आमी म्हणजे कोण? तुझो काको? तेका बगळो नि कावळो सारखोच.”

मागच्या पडवीत जाळं विणणारा सत्यवान काका खोकला. त्याने नाही मात्र म्हटलं नाही.

मित्रांनो, इथे त्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. तिथे कोणी ‘मी’ म्हणत नाही. कढी फुटली तर ती आपली आपण फुटते. काम चांगलं झालं तर देवाने केलेलं असतं, नाहीतर आम्ही केलेलं. देवापुढे गाऱ्हाणं घालतानाही मागणं सगळ्या लेकरांचं मिळून असतं. ‘मियां’, म्हणजे ‘मी’, म्हणण्याचा मान एकट्या काशीबाईंचा. ह्या घर मियां उभा केलंय, हे वाक्य भिंतींनासुद्धा पाठ आहे. अशा घरातल्या मुलीने माझ्यात ‘मी’ कुठून आणावा?

अक्षयाने मान वर केली. आवाज बारीक होता, पण थरथरला नाही.

“ह्या घरात ‘मियां’ म्हणूक तुझ्याशिवाय कोणाक मिळता काय?”

सुंगटं निवडणारा हात थांबला. काशीबाईंना असं विचारायची छाती आजवर कोणाची झाली नव्हती. त्यांनी नातीकडे बघितलं. मग सूप झटकलं.

“माझो ‘मियां’ माझ्याकडे रवांदे,” त्या म्हणाल्या. “तू तुझो लिव.”

आणि पुन्हा सुंगटं निवडायला लागल्या.

अक्षयाने मला पुसलं, कोरं केलं. मग एकेक शब्द जोखून लिहिलं: मी अक्षया, आरोंद्याच्या खाडीतली. कांदळवनाची फेरी मी सुरू केली. भरती-सुकती बघून फेरीची वेळ मी ठरवते. होडी काका वल्हवतो. पक्षी आणि झाडं मी ओळखून सांगते, जे ओळखता येत नाही ते शिकायचं आहे. एवढंच. पहिल्यांदाच मला माझा आवाज ऐकू आला.

फोटो काशीबाईंनी काढला, होडीत उभी करून. तो काढताना त्यांनी सगळ्यांना चार शब्द सुनावले. आणि त्या फोटोच्या कोपऱ्यात त्यांचं बोट आलंच. अक्षयाने या वेळी कापलं नाही.

संस्थेच्या सारिका मॅडमचा फोन आला. फेरीच्या वेळा तुमच्या घरचे ठरवतात का, असं त्यांनी सहज विचारलं. अक्षया म्हणाली, “नाही. मी ठरवते.” मुंबईची गाडी तिच्याविनाच गेली. काशीबाई मात्र गावभर सांगत सुटल्या आहेत, की ती प्रोफाइल मियां लिवलंय. सांगू देत. त्यांचा मान आहे.

तेव्हा मित्रांनो, माझं मागणं थोडकंच. तुमचीही एखादी प्रोफाइल असेल कुठेतरी, परक्या शब्दांत गुदमरत. तिला उघडा, तिची विचारपूस करा. उसने दागिने काढा आणि तुमच्या हातांनी जे केलं असेल, ते साधं लिहा. लाजू नका. तुम्ही ‘मी’ म्हटल्याशिवाय मी तुमची होत नाही.